घाबऱ्या जिवाची व्यथा व तिचे उपाय

(जुबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या धर्मग्रामस्थांच्या सभेंत केलेलें भाषण)



जुबिलीच्या प्रसंगीं मागल्या पिढ्यांच्या परिश्रमांचें स्मरण करावें, मंदिर कोणीं उभारलें, शाळा कोणीं चालविली, गायनमंडळ कोणीं जोपासलें, हें नव्या पिढीस सांगावें, ही रीत योग्यच आहे. त्या विषयांवर आमच्यापेक्षां अधिकारी वक्ते या व्यासपीठावरून बोलले आहेत. आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली तेव्हां आम्हीं मुद्दाम निराळा विषय मागून घेतला. ज्या दुखण्याची आपल्या घराघरांत कुजबूज होते, परंतु ज्याचें नांव चारचौघांत कोणी घेत नाहीं, असें एक दुखणें आहे. एकाएकीं जीव घाबरा होणें, आणि पुढें त्या घाबरण्याच्याच धास्तीनें आयुष्य आंखडत जाणें, हें तें दुखणें होय.

विषयास हात घालण्यापूर्वीं एक कबुली देणें आमचें कर्तव्य आहे. मध्यंतरीं सुमारें तीन वर्षें रविवारच्या मिस्सेस आम्ही आंत न बसतां मागल्या दारापाशीं उभे राहत होतों, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें आहे. कोणी म्हणाले, मास्तरांस शिष्टपणा आला. कोणी म्हणाले, मास्तरांची भक्ति उतरली. खरें कारण आम्हीं आजवर सभेंत सांगितलें नव्हतें. बांकांच्या मधोमध बसलों कीं आतां श्वास कोंडेल, आपण सर्वांदेखत कोसळूं, आणि दारापर्यंत पोहोंचण्यापूर्वींच प्राण जाईल, असें भय आम्हांस ग्रासून टाकीत असे. दार जवळ असलें म्हणजे थोडा धीर वाटे. एवढ्याचसाठीं आम्ही दारापाशीं उभे राहत होतों.

याचा आरंभ लोकलगाडींत झाला. त्या काळीं आम्ही नोकरीनिमित्त रोज वसईहून मुंबईस जात असूं. एके दिवशीं सकाळीं गाडी नायगांव सोडून खाडीच्या पुलावर आली असतां, कांहींएक कारण नसतां छाती धडधडूं लागली. अंगास दरदरून घाम सुटला. हातांच्या बोटांस व ओठांभोंवतीं मुंग्या आल्या. पायांखालची गाडी खरी नव्हे, भोंवतालचीं माणसें खरीं नव्हेत, असा विलक्षण भास होऊं लागला, आणि ‘आतां आपण मरतों’ हा एकच विचार मनांत उरला. भाईंदरास कसेबसे उतरलों व फलाटावरील बांकावर बसलों. एका अनोळखी गृहस्थानें पाणी पाजून रुग्णालयांत पोहोंचविलें. तेथें कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलें. सर्व कांहीं यथास्थित निघालें. ‘तुम्हांस कांहीं झालेलें नाहीं, मन घट्ट करा आणि घरीं जा,’ असें सांगण्यांत आलें.

हृदयास कांहीं झालें नव्हतें, हें सत्य होतें. परंतु आम्हांस कांहींच झालें नव्हतें, हें मात्र असत्य होतें. आठ दिवसांनीं त्याच पुलावर पुन्हां तसेंच झालें. मग आम्हीं जलद गाडी सोडली, पुढें गर्दीची वेळ सोडली, आणि शेवटीं नोकरीचें ठिकाणही सोडण्याची पाळी आली. बाजार, लग्नमंडप, न्हाव्याचें दुकान, एकेक जागा आम्हांस बंद होत गेली. घरीं आईनें दृष्ट काढली; हितचिंतकांनीं हवापालट सुचविला. तीन वर्षें अशीं गेल्यावर एका डॉक्टरांनीं या दुखण्याचें नांव सांगितलें, व त्यास उपाय आहे हेंही सांगितलें. तें जर पहिल्याच महिन्यांत कळतें, तर तीं तीन वर्षें वांचलीं असतीं. आजच्या भाषणाचा हेतु इतकाच आहे.

आपल्या मायबोलीस हें दुखणें अपरिचित नाहीं. काळजांत धस्स होणें, पोटांत गोळा उठणें, हातपाय गळणें, घशास कोरड पडणें, तोंडचें पाणी पळणें, हे शब्दप्रयोग पाहा. प्रत्येकांत शरीराचा कोणता ना कोणता भाग आहे. भय केवळ मनांत राहत नाहीं, तें सर्व अंगांत संचार करितें, हें आपल्या पूर्वजांस पक्कें ठाऊक होतें. इंग्रजींत चिंतेस जो ‘अँग्झायटी’ शब्द आहे, त्याचेंही मूळ आवळणें या अर्थाच्या लॅटिन धातूंत आहे. गळा आवळल्याचा अनुभव सर्व देशांत एकच.

वैद्यकशास्त्रानें या दुखण्याची दखल बऱ्याच उशिरां घेतली. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें. त्या युद्धांतील अनेक शिपाई छातींत धडधड, दम लागणें व दुखणें अशा तक्रारी घेऊन फिलाडेल्फिया येथील डा कोस्टा नामक डॉक्टरांकडे येत. परंतु तपासणींत हृदयाचा आजार सांपडत नसे. १८७१ सालीं त्यांनीं या अवस्थेस ‘चिडखोर हृदय’ अशा अर्थाचें नांव दिलें. त्याच वर्षीं बर्लिन येथील वेस्टफाल यांनीं, मोकळे चौक ओलांडण्याचें भय वाटणाऱ्या तिघा पुरुषांचें वर्णन प्रसिद्ध केलें. तें वाचून आम्हांस आमचें मागलें दार आठवलें. पुढें १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील डॉक्टर डोनाल्ड क्लाइन यांनीं, ‘मी मरतों’ म्हणून वारंवार परिचारिकांकडे धांव घेणाऱ्या रोग्यांस इमिप्रामिन नांवाचें औषध देऊन पाहिलें. कांहीं आठवड्यांनीं त्यांची ती धांव थांबली, हें प्रथम परिचारिकांच्याच लक्षांत आलें. १९८० सालीं अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें आपल्या रोगवर्गीकरणांत या भयविकारास स्वतंत्र स्थान दिलें. तेव्हां ज्यांस कोणी भित्रे, कोणी ढोंगी म्हणत आलें, ते वस्तुतः रोगी होते, हें शास्त्रानें मान्य केलें.

आतां, झटका येतो तेव्हां शरीरांत घडतें काय, तें पाहूं. आपल्या वाडींतला राखणीचा कुत्रा डोळ्यांपुढें आणावा. चोर आला तरी तो भुंकतो, आणि वाऱ्यानें नारळाची झावळी पडली तरीही भुंकतो. कुत्रा वाईट नव्हे. त्याची पारख तेवढी चुकली. आपल्या मेंदूंत बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग असून संकटाची वर्दी देणें हें त्याचें काम होय. त्यानें वर्दी दिली कीं मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन नांवाचा रस रक्तांत उतरतो. हृदय जलद चालतें, स्नायूंकडे अधिक रक्त जातें, श्वास वाढतो, घाम सुटतो. समोर वाघ असता तर पळण्यास अथवा लढण्यास हीच तयारी उपयोगीं पडली असती. वाघ नसतां ती झाली, म्हणजे मनुष्य गोंधळतो व वाघ आपल्याच छातींत शोधूं लागतो.

श्वासाची गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. घाबरलेला मनुष्य भराभर व खोल श्वास घेतो. त्यामुळें रक्तांतील कार्बन डायऑक्साइड वायु प्रमाणाबाहेर कमी होतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या किंचित् आकुंचन पावतात. भोंवळ येते, बोटांस व ओठांस मुंग्या येतात, सर्व जग परकें भासतें. ‘श्वास पुरत नाहीं’ असें त्यास वाटतें, आणि वस्तुतः तो गरजेपेक्षां अधिक श्वास घेत असतो! आपण कोसळूं हें भयही बहुधा निराधार असतें, कारण झटक्यांत रक्ताचा दाब सहसा उतरत नाहीं, उलट चढतो. रक्त किंवा जखम पाहून घेरी येणारांची गोष्ट मात्र निराळी.

हा झटका कांहीं मिनिटांत शिगेस पोहोंचतो व बहुधा अर्ध्या तासाच्या आंत ओसरतो. असा एखादा झटका पुष्कळांस आयुष्यांत केव्हां तरी येऊन जातो. तेवढ्यानें रोग जडला असें होत नाहीं. परंतु झटके अवचित व वारंवार येऊं लागले, आणि पुढें महिनाभर वा अधिक काळ ‘पुन्हां येईल काय?’ ही धास्ती राहिली, किंवा त्या धास्तीनें वागणूक बदलली, म्हणजे डॉक्टर त्यास भयविकार म्हणतात. ऑक्सफर्ड येथील डेव्हिड क्लार्क यांनीं १९८६ सालीं या रोगाचें चक्र नीट उलगडून दाखविलें. छातींत जरा धडधडतें, मनुष्य तिचा अर्थ ‘हृदय बंद पडतें आहे’ असा लावितो, त्या अर्थानें भय वाढतें, भयानें धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड त्या खोट्या अर्थास पुरावा होऊन बसते.

याच्या सोयरिकींतले विकार आणखीही आहेत. कोणास सहा सहा महिने मुलांची, पैशाची, प्रकृतीची अखंड काळजी लागून झोंप उडते. कोणास चार माणसांपुढें बोलण्याचें वा जेवण्याचें अतोनात भय वाटतें. कोणास उंचीचें, कोणास बंद जागेचें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०१९ सालीं जगांत ३० कोटींहून अधिक लोक अशा चिंताविकारांनीं पीडित होते, आणि चौघांपैकीं सुमारें एकासच उपचार मिळत होता. पुरुषांपेक्षां स्त्रियांत हे विकार अधिक आढळतात. त्यांचें कारण एकच सांगतां येत नाहीं. कांहीं अंश रक्ताच्या नात्यानें उतरतो, कांहीं स्वभावाचा असतो, आणि कांहीं प्रसंगाचा. आमच्या बाबतींत वडिलांच्या दीर्घ आजारांतलें वर्षभराचें जागरण व त्यांचा वियोग, यांनंतर हें सुरू झालें.

उपायांकडे वळण्यापूर्वीं एक इशारा देतों. छातींत दुखूं लागलें कीं ‘हें मनाचेंच असेल’ असें कोणीही परस्पर ठरवूं नये. वेदना डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जात असेल, वय चाळिशीपुढें असेल, मधुमेह वा रक्तदाब असेल, तर तांतडीनें रुग्णालय गांठावें. थायरॉइड ग्रंथीचा दोष, पंडुरोग, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितपणा, इतकेंच नव्हे तर अति चहाकॉफी, यांनींही असेंच धडधडतें. म्हणून प्रथम शरीराची एकदां नीट तपासणी करावी. ती निर्दोष ठरल्यावर मात्र त्याच तपासण्या दहा ठिकाणीं करीत फिरूं नये. आम्हीं तेंही केलें. प्रत्येक कार्डिओग्रामाचें समाधान आठ दिवस टिकलें, आणि पैसा तेवढा गेला.

उपचाराचे दोन मार्ग आजवरच्या अनुभवांत खरे उतरले आहेत: एक संवादाचा व अभ्यासाचा, दुसरा औषधांचा. कोणास एक पुरतो, कोणास दोन्ही लागतात.

पहिल्या मार्गांत मानसोपचारज्ञ साधारणपणें आठवड्यास एक याप्रमाणें दहापंधरा बैठकी घेतात. विचाराचा व वागणुकीचा असा हा दुहेरी अभ्यास आहे. आम्हांस प्रथम एक वही घालावयास सांगितली. झटका कोठें आला, मनांत काय आलें, आणि शेवटीं काय झालें, हें तींत टिपावयाचें. महिन्याभरानें वही चाळली तों ‘मरतों’ हा शब्द अकरा वेळां सांपडला, आणि आम्ही तर ती वही वाचीत बसलों होतों! नंतर बंद खोलींत मुद्दाम जलद श्वास घ्यावयास लाविला. त्याच मुंग्या, तीच भोंवळ आली. ज्यास आम्ही मृत्यूची चाहूल समजत होतों तें दोन मिनिटांच्या श्वासानें हवें तेव्हां उत्पन्न करतां येतें, हें कळल्यावर त्याचा अर्धा दरारा तेथेंच संपला. हा प्रयोग मात्र जाणत्याच्या देखरेखीखालींच करावा. दमा, अपस्मार वा हृदयविकार असलेल्यांनीं तर डॉक्टरांस विचारल्यावांचून मुळींच करूं नये.

पुढें पायऱ्या ठरल्या. पहिला आठवडा दुपारच्या रिकाम्या गाडीनें वसईहून नायगांव व परत, दुसरा, पूल ओलांडून भाईंदर, मग बोरिवली, मग गर्दीची वेळ, आणि शेवटीं चर्चगेट. नियम एकच: भय चढलें तरी उतरून पळावयाचें नाहीं. खाडीस उधाणाची भरती आली तरी ओहोटी ठरलेलीच असते. तसें भय कांठ गांठून आपोआप ओसरतें. पण तें ओसरण्यापूर्वींच जो पळतो, त्याच्या मनांत ‘पळालों म्हणून वांचलों’ असा खोटा धडा ठसतो. खिशांतली पाण्याची बाटली, सोबतीस कोणी असण्याचा हट्ट, दाराजवळची जागा, हे सारे आधारही एकेक करून सोडावे लागले. मंदिरांत आम्ही शेवटच्या बांकाच्या टोंकापासून आरंभ केला. मधल्या रांगेपर्यंत येण्यास पांच महिने लागले.

दुसरा मार्ग औषधांचा. आज या विकारावर बहुधा सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम यांसारखीं औषधें प्रथम देतात. त्यांचा गुण दोन ते चार आठवड्यांनीं दिसूं लागतो, कित्येकांस त्याहून अधिक काळ लागतो. आरंभीं थोडी मळमळ होते व अस्वस्थता वाढल्यासारखी वाटते. तेवढ्यानें घाबरून तीं टाकूं नयेत, डॉक्टरांस कळवावें. बरें वाटल्यावरही तीं कांहीं महिने, पुष्कळदां वर्षभर घ्यावीं लागतात, आणि थांबवितांना हळूहळू, डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच थांबवावीं लागतात. हीं झोंपेचीं औषधें नव्हेत व त्यांचें व्यसन लागत नाहीं. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम इत्यादि गोळ्यांची गोष्ट निराळी. त्या तत्काळ शांत करितात, म्हणूनच त्यांची संवय जडते. त्या थोडे दिवस व डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्याव्या. शेजाऱ्याच्या डबींतली गोळी मागून घेणें हा शुद्ध अविचार होय. दारूविषयीं तर काय बोलावें? सायंकाळीं घोटभर घेतली म्हणजे धीर येतो असें म्हणणारे आपल्यांत आहेत. सकाळीं तिचा अंमल उतरला कीं तीच धडधड दुपटीनें परत येते.

प्रत्यक्ष झटक्याच्या वेळीं काय करावें? जेथें असाल तेथेंच थांबावें. ‘हें भय आहे, हें कांहीं मिनिटांत ओसरेल,’ असें स्वतःस सांगावें. श्वास नाकानें सावकाश घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. कागदाच्या पिशवींत श्वास घेण्याची जुनी युक्ति आतां करूं नये. दमा वा हृदयविकार असल्यास ती घातक ठरते. जवळच्या माणसांनीं गराडा घालूं नये, ‘कांहीं नाहीं झालें’ असें दटावूं नये. शेजारीं बसून शांत आवाजांत बोलावें. घरच्यांनीं आणखी एक पथ्य पाळावें. रोग्याची सर्व कामें स्वतःकडे घेऊन त्यास घरांत कोंडूं नये. आमच्या कुटुंबानें पहिल्या वर्षीं मायेपोटीं बाजारहाट आपल्याकडे घेतली. उपचार सुरू झाल्यावर तिनेंच पिशवी पुन्हां आमच्या हातीं दिली. दुसरी माया पहिलीहून कठीण होती व अधिक उपयोगाचीही होती.

या सभेंत एका प्रश्नास उत्तर दिल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. ‘मास्तर, श्रद्धा बळकट असती तर भय वाटलें नसतें,’ असें आम्हांस अनेकांनीं सुचविलें. बोलणारांचा हेतु वाईट नव्हता, परंतु आजाऱ्याच्या माथीं त्यामुळें दुखण्याच्या जोडीस पापाची भावना बसते. इग्नेशियस लोयोला यांस १५२२ सालीं मान्रेझा येथें पापशंकांनीं इतकें छळलें कीं, वारंवार पापनिवेदन करूनही त्यांस शांति लाभेना, आणि जीव द्यावा असें त्यांच्या मनांत येऊं लागलें. हें त्यांनींच पुढें आपल्या आत्मवृत्तांत सांगून ठेविलें आहे. त्यांच्या ठायीं श्रद्धा नव्हती असें कोण म्हणेल? मधुमेह्यास आपण ‘प्रार्थना करा व इन्शुलिन टाका’ असें सांगत नाहीं. प्रार्थनेनें आम्हांस धीर दिला हें खरें. पण पूल ओलांडण्याचा अभ्यास आम्हांसच करावा लागला, आणि तो करविणारा जाणता मनुष्य लागला.

उपचार कोठें मिळेल, ही विवंचना कोणी करूं नये. सरकारी जिल्हा रुग्णालयांत मनोविकारांचा इलाज होतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारनें ‘टेली-मानस’ ही सेवा चालू केली असून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठींतही सल्ला मिळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें उपचार मिळणें व आजाराची गुप्तता राखली जाणें हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे, आणि आरोग्यविम्यांत शरीराच्या व मनाच्या आजारांत भेद करूं नये असेंही त्यांत सांगितलें आहे. ज्यास जगणें नकोसें वाटूं लागलें असेल त्यानें, व त्याच्या घरच्यांनीं, एक दिवसही थांबूं नये.

आम्ही पूर्ण बरे झालों काय, असें कोणी विचारील. आजही वर्षांतून एखादे वेळीं पुलावर काळजांत धस्स होतें. आम्ही खिडकीबाहेर खाडीकडे पाहत बसतों, आणि भाईंदर येईपर्यंत तें जातें. इतकें आम्हांस पुरेसें आहे.

शेवटीं एकच विनंति. आपल्या धर्मग्रामांत आजही कोणी मागल्या दारापाशीं उभा असेल, कोणी मुलगी महाविद्यालयास जाण्याचें टाळीत असेल, कोणी सून रात्रीं उठून एकटीच बसत असेल. त्यांस शिष्ट, आळशी वा नाटकी म्हणण्यापूर्वीं एकदां जवळ बसून विचारावें: ‘बाळ, जीव घाबरा होतो काय?’ हा प्रश्न आम्हांस तीन वर्षांत कोणीं विचारला नाहीं. जुबिलीच्या या वर्षीं तो विचारण्याची संवय आपण लावून घेतली, तर पुढील पिढीस आपलें तेंही एक देणें होईल.